ऐकणारीचं ऐकणारा

कोर्टामागच्या कडुलिंबाखाली कोणी नसतं, असा समताचा समज होता. म्हणून तर मधली सुट्टी होताच ती धावत तिथं आली... आणि पाहते तो काय, दगडावर एक तरुण बसलेला! मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा आणि बोटं काळीभोर.

परत फिरावं तर पाय उचलेना. छाती धडधडत होती, श्वास गळ्यातच अडकला होता. बुलढाण्याच्या माघातल्या गार हवेतही कपाळावर घाम.

"बसा," तो उठून उभा राहिला. "बोलू नका काही. हे घ्या... सोला."

"काय?"

"घाटे. एकेक करून. घाई नाही."

तिला रागच आला. इथं जीव जायची वेळ आणि हा हरभरे सोलायला लावतो! पण थरथरत्या हातांना काहीतरी हवंच होतं. कोमट, खरखरीत टरफल... आत हिरवा दाणा. दुसरा घाटा. तिसरा. दहा-बारा झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं – श्वास खाली उतरलाय.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही हो. मोजणीवाला. भूमी अभिलेखात आहे. प्रसेनजित इंगळे." तो हसला. "अन् तुमच्या नाकाले काजळी लागली."

समता कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश साहेब सांगायचे, ती टाइप करायची. मारझोड, जळालेल्या सुना, हरवलेली लेकरं... शब्द कागदावर उतरले की संपले, असं चार वर्षं तिला वाटत आलं. पण हल्ली ते तिच्यासोबत खोलीवर येऊ लागले होते. भात शिजवता शिजवता एखाद्या आईचं वाक्य आठवायचं आणि चमचा हातातून सुटायचा. गेल्या आठवड्यात एका जबाबातली तारीख चुकली, साहेब भर कोर्टात बोलले. सारखं धडधडतं म्हणून ईसीजी काढून पाहिला, तो साफ. वडनेर भोलजीला असलेल्या बाबांना, उकंडरावांना, तिनं यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. घरातली पहिली सरकारी नोकरी तिची... त्यांना काय सांगणार?

आठ दिवसांनी, बांधाच्या एका वादात, साक्षीदार म्हणून प्रसेनजितच समोर उभा राहिला.

"वय?"

"एकतीस," तो म्हणाला. उत्तर साहेबांना होतं, नजर मात्र टाइप करणाऱ्या बोटांवर.

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. "हे काही बरोबर नाही मॅडम. माझं नाव, गाव, वय, सगळं तुमच्याजवळ लिहून आहे. तुमचं मले काहीच माहीत नाही."

"माहितीचा अर्ज करा मग."

"करतो. पोच द्याल ना?"

शिपाई सत्यभामाबाई पदराआड हसल्या. "अवं, चहा प्यायले जाय त्याच्यासंगं. अर्ज आयताच निकाली निघते!"

चहा झाला. मग दुसरा. मग संध्याकाळी संगम तलावाच्या काठानं फिरणं सुरू झालं. तो गावोगावच्या मोजणीच्या गमती सांगायचा, ती पोट धरून हसायची. एके दिवशी मात्र हसता हसता तिला रडू फुटलं. जबाबांचं, न येणाऱ्या झोपेचं, सगळं सगळं बोलून गेली ती. त्यानं मधे एक शब्द टाकला नाही. शेवटी हळूच म्हणाला, "सरकारी दवाखान्यात मनाचा विभाग आहे. एकदा दाखवून या."

ती गर्रकन वळली. "मी येडी वाटली का तुम्हाले?"

नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तलावाकडे गेली नाही. दहाव्या दिवशी तो तिच्या टेबलासमोर आला आणि घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद त्यानं पुढं ठेवला. दवाखान्याचा केसपेपर... त्याच्याच नावाचा.

"दोन वर्षं झाली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मोजणी चालू होती. मी हद्दीची खूण रोवली अन् माझ्या डोळ्यासमोर एका भावानं दुसऱ्याच्या डोक्यात कुदळ घातली. वाचला तो. पण मले चार महिने कोणाच्या वावरात पाय टाकता आला नाही. गोळ्या घेतल्या, वर्षभर. आताही महिन्यातून एकदा जातो. हे ऐकून दोन स्थळं परत गेली. तुम्हीही जाऊ शकता."

समतानं कागदावरून नजर उचलली. "मी... स्थळ आहे का?"

त्याचे कान लाल झाले. "मले तसं वाटून राह्यलं होतं."

पुढच्या गुरुवारी ती दवाखान्यात गेली. तो बाहेर बाकावर बसून राहिला, हातात तिची पर्स घेऊन. आतल्या समुपदेशक ताईंनी तिला वेडी ठरवलं नाही. त्या म्हणाल्या, "रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकता. संकट आपल्यावरच आलंय असं शरीराला वाटतं, आणि घरी गेलं तरी ते सावधच राहतं. त्याला सांगावं लागतं, की आता कोर्ट सुटलं." मग झोपेचं, चालण्याचं, बोलण्याचं ठरवून दिलं. आणि साहेबांकडे काही दिवस दिवाणी काम मागायला सांगितलं. समतानं भीत भीतच मागितलं. पण साहेबांनी शांतपणे मान हलवली. सगळं एका दिवसात निवळलं नाही. होळी होऊन गेली, तरी एखादी रात्र वाईट जायची. पण सकाळी कोणाला सांगायचं, हे आता तिला ठाऊक होतं.

एका रविवारी ती वडनेरला गेली. बाबांसमोर बसून तिनं सगळं सांगितलं. आधी आपलं, मग प्रसेनजितचं, काही न लपवता.

उकंडरावांनी टोपी काढली. ती हातात नुसती फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुही माय गेली तवा मी दोन वर्षं नीट झोपलो नाही, पोरी. कोणाले सांगाव, हेच समजलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "त्यानं लग्नाचं बोलायच्या आधी तुले दवाखाना सांगतला, स्वतःचं दुखणंही लपवलं नाही... पोरगा खरा आहे. बोलाव त्याले."

समता फोन घेऊन अंगणात आली. हात थरथरत होता, पण या थरथरीला ती घाबरली नाही.

"बाबांनी बोलावलं."

प्रसेनजित म्हणाला, "समता... मले भीती वाटून राह्यली."

"मलेही," ती म्हणाली. "तरी ये."

आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.