तिसऱ्या ओळीआधी

थोरली बहीण गेली आणि चर्चमध्ये स्तोत्र गाणारं कुणी उरलं नाही. उद्याच्या स्मरणप्रार्थनेला तिची आवडती जुनी चाल एकट्या ऑर्गनवर वाजवायची ठरली, म्हणून धाकटी भरदुपारी पेन्सिल कानावर खोचून चर्चच्या माळ्यावर, ऑर्गनपाशी चढली. चार गळ्यांचं गाणं दोन हातांत नि दोन पायांत कोंबायचं म्हणजे चार बिऱ्हाडं एका खोलीत नांदवणं! तिनं ते बसवलं. ती वाजवायला कुणाकडे शिकली नव्हती, आताही कुणाला विचारायला गेली नाही.

भाची शेजारी उभी राहून कागद बघत होती.

"मावशी, तिसऱ्या ओळीआधीची जागा कुठंय? आई तिथं श्वास घ्यायची."

"श्वास कसला, भाता होता भाता! जन्मभर तिच्यापायी बोटं अधांतरी धरून बसले. ऑर्गनच्या नळ्यांना दम लागत नाही. खोडली ती जागा."

"तिचं म्हणून एवढं तरी राहू दे ना गं."

"आणि घेणार कोण तो श्वास?"

भाचीचे डोळे भरले. धाकटीनं तिकडे बघायचं टाळलं आणि वाजवायला घेतलं. नळ्यांत हवा भरणारी मोटर मागच्या खोलीत घुमत होती. पहिली ओळ, दुसरी ओळ... आणि न थांबता ती तिसरीत घुसली. पट्ट्या खाली गेल्या. आवाज आला नाही.

जळक्या रबराचा वास सुटला.

"मोटरीचा पट्टा जळाला, बाई!" चर्चचा रखवालदार मागच्या खोलीतून ओरडला. "मोटर बंद केलीय!"

घुमणं विरत गेलं. मग खालच्या रिकाम्या बाकांतून कुणीतरी श्वास घेतला. सावकाश... लांब... इतका खोल, की वेदीवरच्या ज्योती तिकडे झुकल्या.

धाकटी थांबली. जन्मात पहिल्यांदा, कुरकुर न करता.

आणि तिसरी ओळ उठली. बंद मोटरीच्या त्या जुनाट नळ्यांतून असा भरलेला सूर तिनं कधी ऐकला नव्हता. खर्ज पायांतून चढला आणि छातीत मावेना. कुणापुढे न वाकलेली तिची मान खाली गेली. शेवटच्या सुरापर्यंत ती वाजवत राहिली.

"उद्या थांबेन," ती बाकांकडे न बघता म्हणाली. "घे सावकाश."

तिनं हात मांडीवर घेतले. सगळं शांत झालं होतं. भाचीनं मात्र सगळ्यात मोठ्या नळीच्या तोंडाशी तळहात धरला होता.

"मावशी... कोमट हवा येतेय."

"येऊ दे."

"येतेय..." भाचीनं तळहात आणखी जवळ नेला, "आणि परत आत जातेय."