तरफा कुणाला साथ देत होत्या?

भुतं रात्री येतात म्हणे. हे भर दुपारी घडलं, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. न वाटो. माझा तळहात त्या तारांवर होता.

आम्ही नवरा-बायको गावोगाव हिंडतो. मी जुनी वाद्यं दुरुस्त करतो, ही ती रेकॉर्ड करते.

त्या दुपारी आम्ही शिंपीणकाकूंच्या माडीवर होतो. त्यांचे यजमान वारले, तेव्हा सारंगीसारखं गजाने वाजवायचं एक वाद्य मागे राहिलं होतं. ते वाजवत एकच गाणं गायचे. काकूंना ते सगळं आठवत होतं, शेवटची ओळ सोडून.

"जन्मभर म्हटलं, पुरे करा ते रडगाणं. आता त्या एका ओळीसाठी कान आसुसतात बघ."

मी नव्या तरफा चढवल्या. तरफा म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा. त्यांना कुणी छेडत नाही. खोलीत त्यांचा सूर कुणी लावला, तरच त्या आपसूक झंकारतात.

काकू गायल्या. तरफा गुणगुणल्या. शेवटच्या ओळीपाशी काकू अडल्या.

खोली गप्प...

आणि तरफा पुन्हा झंकारल्या.

काकूंचे ओठ मिटलेले होते.

"तू गुणगुणतोयस का रे?" बायकोने हेडफोन काढत विचारलं.

"मी गायलो तर तारा तुटतील."



एक तार... मग तिच्या शेजारची... नवीच चाल. जिना उतरावा तशी, हळूहळू उतरणारी.

"हीच!" काकू पुटपुटल्या. "अहो, गा ना. संपवा एकदाची."

कुणाशी बोलत होत्या?

वाद्य माझ्या मांडीवर. त्याची थरथर पोटात शिरली. मला सोसेना...

मी तारांवर तळहात दाबला.

शांत.

"हात काढ रे! शेवटचाच सूर राहिला होता!"

काढला. काकू पहिल्यापासून गायल्या, पुन्हा पुन्हा. ऊन भिंतीवर चढत जाऊन विझलं. पण त्या थांबल्या, की तरफाही थांबायच्या.

मुक्कामावर आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. तरफा स्वच्छ ऐकू येतात. गाणारं कुणी नाही.

फक्त मी हात दाबतो, त्याच क्षणी...

कुणीतरी दचकून श्वास आत ओढतं. पुरुषाचा श्वास. माझा त्याच्यानंतर येतो, वेगळा.

काकूंचा अजून फोन येतो.

"रुसले असतील का रे? परत आलेच नाहीत."

मी विषय बदलतो. रुसलेला माणूस असा श्वास घेत नाही.

पण गेलेल्या माणसाला माझ्या हाताचं भय का वाटावं...?