गुलाबसाठी सोडलेली ओळ

यात पदरचा एक शब्द नाई. जसं झालं तसं सांगतो. २००९ चा मे महिना, भर दुपार, पुलगावातलं माहं लग्नपत्रिकांचं दुकान.

मी शिकलो सातवी. काम्प्युटर चालवे माही पुतनी, सपना.

रोहना गावची रुख्मामावशी, माह्या मायची बहीन. जात्यावरच्या ओव्या तिले तोंडपाठ. तिच्या पोराले, धीरजले, त्या ओव्यायचं ई-बुक पाह्यजे होतं. म्हंजे काम्प्युटरवर वाचाचं पुस्तक.

मावशी दुकानात येऊन सांगे, सपना टाइप करे. पन मावशी दर ओवीची पहिलीच ओळ सांगे.

"अन् दुसरी?" मी म्हनलं.

"ते गुलाबची. जात्यावर दोघी बसो आम्ही. मी उचलो, ते पुरी करे. तिची ओळ मी काऊन म्हनू?"

गुलाब म्हंजे मावशीची धाकली जाऊ. एक दिवस घरच्या विहिरीवर पान्याले गेलती...

परत आली नाई. लय वर्सं झाली त्याले.

"तिची जागा सोडजो, श्रावण. तेवढं कर माह्यासाठी."

आता जागा सोडाची कशी? सपनानं तीन सॉफ्टवेअर लावून पाह्यले. एकात नुसते कोड. लिहा एक, दिसे भलतंच. रिकामी ओळ तं गिळूनच टाके. दुसऱ्यात जोडाक्षरं फुटत. तिसऱ्यात पडद्यावर दिसे तसंच पुस्तकात उतरे. रिकामी ओळ रिकामीच राहे.

"काका, हेच घेऊ."

"घे बाई. मावशीची गुलाब मावली पाह्यजे त्याच्यात."

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग.

यूपीएस दोनदा कोकलला अन् मेला. पंखा थांबला. पडदा काळा. रस्त्यावरचा आवाजही बंद...

मंग...

घर्र... घर्र...

"काका, कोनाची चक्की चालू आहे का?"

"लाइट नाई तं चक्की कशी चालन, येडे?"

आवाज काम्प्युटरच्या टेबलाखालून येऊन राह्यलता.

मी वाकून पाह्यलं. खाली काईच नाई. फरशी तेवढी गार...

लाइट आली. सपनानं पुस्तक उघडलं. पहिली ओवी.

ओंजळभर जवारी, दळू दोघी जनी

अन् खाली, सोडलेल्या जागेत...

गार लागे पानी मले, येजो गं बहिनी

"तू टाइप केलं का हे?"

"नाई काका. मले कुठं ओव्या येते."

येजो म्हने. म्हातारीनं आयकलं तं उठून विहिरीवरच जाईन.

"खोड ते," मी म्हनलं.

सपनानं खोडलं. जागा रिकामी ठेवली. कोनाले सांगाचं नाई, असं ठरलं आमचं.

संध्याकाळी रोहन्याले गेलो. मावशी ओट्यावर बसली होती. मी तोंडही उघडलं नव्हतं.

"काऊन हाकललं रे तिले?"



मंग मावशीनं पहिली ओळ म्हनली. अन् थांबली. एक ओळ म्हनाले लागते तेवढा येळ. कान देऊन...

मंग मान हलवली.

"हो वो," म्हने. "येतो."

मी धीरजले सारं सांगतलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं विहिरीवर जाळी बसवली, कुलूप लावलं. चाबी त्याच्या करदोड्याले.

मावशी आहे अजून. मी रोहन्याले गेलो का पहिले कुलूप पाह्यतो.

लागलेलंच राह्यते.

पन दर खेपेले... ओलं.