शेडमधल्यांची सोय

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, माझी जबरदस्ती नाही. स्टेशनचं नाव तेवढं सांगणार नाही. सिंधुदुर्गातलं, बऱ्यापैकी मोठं आणि गजबजलेलं स्टेशन, एवढंच पुरे.

२१ मे २०२४. मंगळवार.

आणि रात्र नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो विराज, माझा आतेभाऊ. याच मातीतला. पण पुण्यात दहा वर्षं काढली आणि 'माका-तुका' ऐकलं की नाक मुरडायला लागला. आत्या गावी एकटी असते. तिला म्हणायचा, "फ्लॅट लहान आहे गं, जागा नाही." तीन बेडरूमचा फ्लॅट आहे त्याचा.

तो एका सल्लागार कंपनीत होता. या कंपनीचं काम म्हणजे ज्या स्टेशनवर कधी पाय ठेवला नाही, त्याच्या विस्ताराचे रंगीत नकाशे काढायचे. आमच्या स्टेशनसाठी त्यांनी काय योजलं होतं? काचेची दर्शनी भिंत, दोन सरकते जिने, खाण्याची दालनं आणि बाहेर फोटो काढायला दहा फुटी प्लास्टिकचा हापूस. जिथे आज नळाला पाणी नाही, तिथे सरकता जिना. पण नकाशात माणसं गोरी आणि हसरी दाखवली की सगळं खपतं.

या नकाशाच्या आड एकच गोष्ट येत होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाची जुनी पत्र्याची शेड.

आत एक लांब लाकडी बाक. बस्स.

विराजने तीन दिवस प्रवासी मोजले. दुपारी बारा ते दोन... त्या बाकावर एकही माणूस नाही. बाहेर उन्हात माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन उभी, आणि आत सावलीत बाक रिकामा.

"अडाणी लोक," विराज म्हणाला. त्याने अहवालात लिहिलं, शेडचा वापर शून्य, पाडावी. बाकाची फळी मधोमध वाकलेली, हेही लिहिलं.

रिकाम्या बाकाची फळी वाकते कशी, हे विचारायचं मात्र त्या दीडशहाण्याला सुचलं नाही.

त्याने नाही विचारलं, तरी गुरुदासने सांगितलं. गुरुदास म्हणजे गाड्यांना झेंडा दाखवणारा रेल्वेचा जुना माणूस. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. काम कुठलंही असो, आधी देवापुढे उभं राहून बोलायचं, काय करणार ते सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाण्यात तोंडातून गेलं की ते पाळावं लागतं.

गुरुदास म्हणाला, चाकरमान्यांची वाट बघणारे म्हातारेकोतारे त्या शेडीत बसायचे. पोरं मुंबईहून येतील म्हणून दुपारच्या गाडीला यायचे. काहींची पोरं आलीच नाहीत. माणसं गेली, पण उठली नाहीत. शेड पाडायची तर पाडा, आधी त्यांना विचारा. गाऱ्हाणं मी घालतो.

विराज हसला. शेड पाडायच्या आधी त्याला फक्त एकच गोष्ट हवी होती. जनसुनावणी.

ही जनसुनावणी म्हणजे आणखी एक थट्टा. सूचना त्याच सकाळी तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. वेळ बाराची, जागा ती शेड. कोणी येऊ नये अशी सगळी व्यवस्था, आणि कोणी आलं नाही.

विराजने फोन स्टँडवर लावला. रेकॉर्डिंग सुरू केलं.

"विस्ताराच्या आराखड्यावर कोणाची हरकत?" त्याने रिकाम्या बाकाला विचारलं.

मग घड्याळात बघितलं.

"हरकत नाही. नोंद घेतली."

इथे थांबला असता तर काही झालं नसतं. पण ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला त्याला गंमत हवी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाण्याच्या सुरात सुरू झाला. दहा वर्षांत न बोललेली मालवणी बरोबर तोंडात आली.

"बा राखणदारा म्हाराजा... ही शेड आता जातली."

"...व्हय म्हाराजा."

आवाज बारीक होता. विराजला वाटलं, बाहेरून गुरुदास साथ देतोय. त्याला आणखी चेव आला.

"हंय काचेची इमारत येतली."

"व्हय म्हाराजा."

"आणि हंय जे कोण बसलले आसत... त्येंची सोय मी माझ्या घरी करतंय. पुण्याक. चौथ्या मजल्यार. सगळ्यांनी येवा."



मग...

"व्हय म्हाराजा."

या वेळी एक आवाज नव्हता. बायांचे होते, पुरुषांचे होते. सगळे म्हातारे. आणि सगळे त्याच्या समोरून.

विराजने डोळे उघडले. शेडीत कोणी नव्हतं. गुरुदास पार दुसऱ्या टोकाला हिरवा झेंडा धरून उभा होता. मालगाडी जात होती.

तेवढ्यात बाक करकरला...

वाकलेली फळी हळूहळू वर आली आणि सरळ झाली.

विराज फोन उचलून बाहेर पळाला. लाकूड उन्हाने हलतं, असं स्वतःला सांगत राहिला. शिकलेल्या माणसाकडे कारणांना तोटा नसतो.

वीस मिनिटांनी तन्वीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. आवाज वैतागलेला.

"इतकी माणसं पाठवायची तर आधी सांगावं ना. तुझ्या गावची बारा-तेरा म्हातारी माणसं हॉलमध्ये बसलीत."

स्टेशनपासून पुणं गाडीने सात तास.

"कोण... कोण आहोत म्हणतात?"

"नाव सांगत नाहीत. विचारलं की एकच. 'विराजान बोलवल्यान.' पाणी दिलं, पीत नाहीत. आणि विराज... अवनीला मध्ये बसवून घेतलंय त्यांनी. माझ्याकडे येत नाहीये ती."

अवनी म्हणजे त्यांची पाच वर्षांची मुलगी.

"तिला उचल. आत्ताच्या आत्ता उचल आणि बाहेर जा," विराज ओरडला.

तन्वीने तिला ओढून शेजाऱ्यांकडे नेलं. शेजाऱ्याला घेऊन परत आली, तर हॉल रिकामा. सोफ्याच्या गाद्या मात्र दबलेल्या होत्या... शेजाऱ्यानेही पाहिल्या. मागोमाग धावत आलेली अवनी तिकडे बघून म्हणत होती, "आजी, जरा सरक ना."

विराज धावत गुरुदासकडे गेला. ज्याला अडाणी म्हटलं होतं, त्याचेच पाय धरले. गुरुदासने त्याला उठवलं. जो बोलला त्यानेच परत बोलवायचं, असं त्याने सांगितलं, आणि समोरून होकार यायला हवा. तो आला तरच ते मागे फिरतात.

विराज पुन्हा शेडीत उभा राहिला. या वेळी कॅमेरा नव्हता.

"बा म्हाराजा, माझा चुकला. मी मस्करी केलंय. तुमची जागा हंयच आसा... ही शेड कोण पाडूचो नाय. मागे फिरा."

त्याने कान दिला.

काहीच नाही.

पुन्हा बोलला. रडत बोलला.

होकार आलाच नाही.

मग पावलं वाजली. प्लॅटफॉर्मवर शेंगा विकणारी काशीबाई टोपली घेऊन आत आली. तिने इकडेतिकडे बघितलं, टोपली खाली ठेवली आणि पदराने घाम पुसत बाकावर बसली. भर दुपारी. मागोमाग उन्हातली आणखी चार माणसं आत आली आणि तिच्या शेजारी बसली.

विराज बघतच राहिला. गुरुदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता हंय कोण नाय रे. इतकी वर्सा बसान होती, पण त्येंका घरी येवा म्हणान कोणी बोलवल्यान नाय. तू बोलवलंस. आता ती कशाक परत येतली?"

शेड पाडली गेली. काचेची भिंत अजून नकाशातच आहे. विराजने नोकरी सोडली आणि दोनदा घर बदललं. उपयोग झाला नाही.

मी गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो होतो. तन्वीने फराळ स्वयंपाकघरात चटई टाकून दिला. हॉलमध्ये कोणी पाऊल टाकलं नाही. अवनी तेवढी एकटी तिथे खेळत होती. चांगली मालवणी बोलायला लागली आहे ती. तिला घरात कोणी शिकवलेली नाही.

निघताना तन्वी सवयीने म्हणाली, "पुन्हा या..." आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

मी एकटाच दारात होतो. तिची नजर माझ्या मागे जिन्याकडे गेली होती.

तेव्हापासून मीही कोणाला उगाच 'या कधीतरी घरी' म्हणत नाही.