यादीतला शेजार

"जिंकलो, आणि गुण तीनच?"

टेबलापाशी उभा असलेला माणूस क्लबात नवाच होता. धंद्याने कुलूपवाला. बोटांना तेलाचा वास, आणि चेहरा असा की हा भांडायला आलाय की ओळख काढायला, ते कळू नये. सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या त्या बुद्धिबळ क्लबात दर रविवारी गुण मांडायचं काम टेबलामागच्या तरुणीचं होतं. आठवडाभर ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आकड्यांत डोकं घालायची, रविवारी इथे. क्लब सख्ख्या मामाचा, सुटका कसली! सगळे तिला यादीवालीच म्हणत.

"एका डावात वीस गुण पणाला असतात," ती मान वर न करता म्हणाली. "समोरच्याचं रेटिंग, म्हणजे एकूण गुण, तुमच्याहून तीनशेने कमी. शंभरात पंच्याऐंशी वेळा तुम्हीच जिंकणार, असं आम्ही धरूनच चालतो. जिंकलात तर उरलेल्या पंधरा टक्क्यांचेच गुण. वीसचे पंधरा टक्के, तीन."

"आणि हरलो असतो तर?"

"सतरा गेले असते."

"हा कुठला न्याय?"

"मग बरोबरीच्या माणसाशी खेळा. जिंकलात तर दहा, हरलात तर दहा."

त्याने भिंतीवरची गुणांच्या क्रमाने लावलेली यादी वाचली आणि गालात हसला. "बरोबरीचं माणूस सापडलं." यादीत ती त्याच्या अगदी खालच्या ओळीत होती.

क्लबाचा नियम सोपा होता. रविवारी दोन डाव. पहिला यादीतल्या शेजाऱ्याशी, दुसरा चिठ्ठीत निघेल त्याच्याशी. म्हणजे पहिल्या डावाला तो समोर. पुढच्या रविवारीही तोच. त्याच्या पुढच्याही...

"वजीर धोक्यात आहे हां तुमचा."

"दिसतंय मला."

"कसं दिसेल? तुम्ही पटाकडे कुठे बघताय?"

"तुमच्या कॉलरचं बटण तुटलंय, ते बघतेय."

पुढच्या रविवारी बटण जागेवर होतं, निळ्या शर्टावर तांबड्या दोऱ्याने शिवलेलं. ती इतकी हसली की घोडा भलत्याच घरात पडला.

असे चौदा रविवार गेले. मग एकदा मामा म्हणाला, "दोन महिन्यांनी बाहेरगावचा सामना आहे. यादीतले पहिले चार न्यायचेत. हा कुलूपवाला खेळतो झकास, पण जागचा हलत कसा नाही गं?"

लॅबमध्ये एखादा रिपोर्ट फारच नीटनेटका आला की ती तो नमुना पुन्हा तपासायची. तिने जुने कागद काढले, आणि दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं. ती त्याच्याशी जिंकली, की तो चिठ्ठीचा डाव जिंकायचा. ती हरली, की तो चिठ्ठीत निघालेल्या कुणाकडूनही, अगदी नवशिक्याकडूनही, हरून गुण घालवायचा आणि परत तिच्या शेजारी येऊन बसायचा. म्हणूनच त्याचा दुसरा डाव नेहमी तिच्या दुसऱ्या डावाचा निकाल बघितल्यावरच संपायचा.

आधी तिला राग आला. मग गोड वाटलं, आणि मग शंका आली. इतरांशी मुद्दाम हरणारा माणूस आपल्याशी तरी खरा खेळला असेल का?

रविवारी तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"चौदातले नऊ डाव मी जिंकले. त्यातले मुद्दाम सोडले किती?"

तो दचकला. "एकही नाही."

"कशावरून?"

"अहो, तुमच्याशी खरं खेळायला मिळावं म्हणूनच तर बाकीचा खटाटोप! आठव्या डावात तुम्ही हत्ती दिलात ना फुकट... मी अधाश्यासारखा घेतला आणि चार खेळ्यांत आटोपलो. अजून जिवाला लागलंय ते."

तिचा विश्वास बसला. मुद्दाम सोडलेला डाव कुणी इतका मनाला लावून घेत नाही.

"पण ज्यांना तुम्ही जिंकू दिलंत, त्यांना वाटलं ते खरंच जिंकले. हे वाईट केलंत. आजपासून सगळ्यांशी नीट खेळायचं."

"मग मी वर जाईन."

"जा."

"म्हणजे रविवारी तुमच्यासमोर नसेन."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि जिना चढू लागली.

तो नीट खेळला. हळूहळू एकेक ओळ वर सरकत गेला, आणि प्रत्येक वेळी त्याचा नवा आकडा तिनेच, स्वच्छ अक्षरात, आणखी वरच्या ओळीत लिहिला. तिच्यासमोर आता एक निवृत्त टपालवाले काका बसू लागले. माणूस भला, पण सगळी बटणं जिथल्या तिथे.

सामन्याआधीच्या शेवटच्या रविवारी तो चौथा होता, ती नववी. मामा खुशीत सगळ्यांच्या पाठी थोपटत खाली गेला. कुलूपवाला टेबलापाशी रेंगाळला.

"झालं तुमच्या मनासारखं?"

"झालं," ती म्हणाली. "आणि नाही झालं. मला वाटलं होतं, सवय मोडेल. पण सवय नव्हतीच ती. मला तू आवडतोस." तिने पेनाला टोपण लावलं. "गुरुवारी लॅब पाचला बंद होते. पट तू आण."

तो कानापर्यंत लाल झाला. पहिल्या दिवशी उभा होता तसाच, टेबलाची कड धरून.

"आणि... हरलो तर किती जातील?"

"एकही नाही. तिथे मी मोजायला बसणार नाही, खेळायला बसणार आहे."