सुबासच्या कोटावरचा हिरवा रंग

रक्त लागलेली गाडी शोधायची होती, आणि तीही दशैंच्या, म्हणजे इथल्या दसऱ्याच्या, दशमीला. फौजदार हांगमा लिंबूला स्वतःच्याच नशिबाचं हसू आलं. आदल्या दिवशी, नवमीला, सिमखोला गावातल्या प्रत्येक गाडीपुढे कोंबडा नाही तर बोकड कापला गेला होता. प्रत्येक बंपरवर रक्ताचे ओघळ होते आणि प्रत्येक बॉनेटवर दही-तांदूळ-कुंकवाचा जाडजूड टिळा. माणूस मारून गाडी घरी आणायला वर्षात याहून सोयीचा दिवस नव्हता.

गवताला गेलेल्या बायका सकाळी धापा टाकत ठाण्यात आल्या होत्या. देवीच्या वळणाखाली, वेलदोड्याच्या झुडपांत सुबास गुरुंग पडला होता. सुबास म्हणजे चालक समितीचा कारकून. गावातल्या सगळ्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांना डोंगरावर जायचे नंबर तोच लावून द्यायचा. तिशीतला हसरा माणूस. दशैंसाठी शिवलेला नवा करडा कोट अजून अंगावर होता.

"गाडीनं उडवलंय, मॅडम," हवलदार खड्का म्हणाला. "मांडीचं हाड मोडलंय."

"मग रस्त्यापासून इतका आत कसा आला?"

खड्कानं वर पाहिलं. गवत एका पट्ट्यात आडवं झालं होतं. धक्क्यानं फेकला गेलेला माणूस असा पट्टा सोडत नाही.

"ओढत आणलंय कुणीतरी," हांगमा म्हणाली.

आरोग्य चौकीतल्या डॉक्टरांनी दुपारी जे सांगितलं, ते ऐकून खड्कानं टोपी काढली. सुबास धडकेनं मेला नव्हता. तो थंडीनं मेला होता, पहाटेच्या सुमाराला. म्हणजे रात्रभर तो तिथे जिवंत होता, आणि त्याला तिथे लपवणाऱ्याला ते माहीत असणार.

त्याच्या कोटाच्या खांद्यावर हिरव्या रंगाचा मोठा डाग होता. गोल गोल फासल्यासारखा. वास घेतला तर रॉकेलचा भपकारा आला. गावात ताज्या हिरव्या रंगाची गाडी एकच होती, जितमान तमांगची.

आणि जितमाननं आठवड्यापूर्वी चहाच्या दुकानात, दहा लोकांसमोर, सुबासला देवीच्या वळणावरून खाली टाकायची धमकी दिली होती. भांडण रंगावरूनच होतं. समितीचे अध्यक्ष हर्कमान राई यांनी यंदा फर्मान काढलं होतं की, जुनाट गाड्या पाहून पर्यटक नाक मुरडतात, तेव्हा नवमीच्या पूजेआधी जो गाडी रंगवणार नाही त्याला हंगामात नंबर नाही. जितमानला हे सांगायला सुबास गेला आणि शिव्या खाऊन आला. खालच्या बाजारातल्या गॅरेजचा खर्च जितमानच्या आवाक्यातला नव्हता. मग तो नि त्याची बायको फूलमाया, दोघांनी मिळून घरीच गाडी रंगवली.

हांगमानं संध्याकाळच्या आत जितमानला अटक केली. पुरावा इतका आयता होता की तिनं फार विचारही केला नाही. आता उद्या दुपारी जिल्ह्याची गाडी येणार होती. एकदा जितमान तिच्यातून खाली गेला, की खुनाच्या खटल्यात वर्षानुवर्षं सुटत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडणाबद्दल जबाब घ्यायला हर्कमानच्या घरी गेली. घर गावाच्या वरच्या टोकाला, एकटं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची गाडी उभी होती, नव्या निळ्या रंगात. बॉनेटवर टिळा, बंपरवर बोकडाचं वाळलेलं रक्त.

"बस नानी, बस," हर्कमान घरच्या मुलीला म्हणावं तसं म्हणाला. त्याचा स्वतःचा टिळा कपाळभर पसरला होता. "सणासुदीला काय हे वाढून ठेवलंय आपल्यापुढे. सुबास म्हणजे मला पोटच्या पोरासारखा होता."

"तुम्ही गाडी कधी रंगवलीत, दाजू?" तिनं थोरल्या भावाला म्हणतात तसं विचारलं.

"अष्टमीला. फर्मान मी काढलं, मग मीच मागे राहून चालेल का? गॅरेजची चैन मलाही परवडत नाही. रोलर घेतला नि फिरवला. नवमीला सकाळी पूजा केली. तेव्हापासून गाडी इथून हललेली नाही."

हांगमानं सहज बॉनेटवरून हात फिरवला. टिळ्याच्या कडेला बोटांना खरखरीत लागलं. रंगही किंचित चिकट होता.

"घरचा रंग हा असाच," हर्कमान हसला. "धूळ बसते. धुक्यात वाळत नाही. जितमानचा बघ जाऊन, तोही असाच असेल. थांब, मांस खाऊन जा. बोकडाचा वाटा नवमीलाच बहिणीकडे पोचवला, मगच आम्ही तोंडात घास घातला. आपल्यात रीत म्हणजे रीत."

हांगमाला जेवण नको होतं. रात्रभर जिवंत राहिलेला सुबास तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

*

फूलमाया ठाण्याच्या पायरीवरच बसून होती. सँडपेपरनं घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मॅडम, तो कोटाचा डाग माझ्या अंगणात लागलाय," ती म्हणाली. "काल सांगत होते, तुम्ही ऐकलं नाहीत."

हे खरं होतं. हांगमा खड्काला घेऊन तिच्याबरोबर निघाली.

जितमानची हिरवी गाडी अंगणात उभी होती. कडेला रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या गादीचा स्पंज काठीला गुंडाळून केलेले रोलर पडले होते. काचांच्या कडेनं वर्तमानपत्राचे कपटे अजून चिकटलेले.

"सुबास इथे कधी आला?"

"नवमीला, दुपारी. मला म्हणाला, 'भाउजू, जितमानदाजूचा राग गेला का?' यांनी नाचणीच्या दारूचा तोंगबा पुढे ठेवला. दोघं हसले, गळ्यात पडले. मग तो पठ्ठ्या मागच्या दाराला टेकून उभा राहिला. मागचं दार आम्ही सगळ्यात शेवटी रंगवलेलं, ओलंच होतं. नवा कोट भरला. यांनी रॉकेलचं फडकं घेऊन पुसायला घेतलं, तर डाग आणखीच पसरला. यांना इतकं हसू येत होतं."

"मग तो कुठे गेला?"

"घरी, देवीच्या वळणावरून. पायीच. धुकं उतरायला लागलं होतं."

हांगमा गाडीच्या मागे गेली. दारावर, खांद्याच्या उंचीला, रंगात कोटाच्या विणीचा स्पष्ट ठसा होता. दोन-चार करडे धागे त्यातच वाळून बसले होते. उभ्या माणसानं निवांत टेकल्यावर पडतो तसाच ठसा. आणि कोटावरचा रंग रॉकेलनं पुसायला कोणता खुनी बसला असता? पुसायचा तर मुळात कोटच काढून घेतला असता. तिला स्वतःचीच लाज वाटली. हा वास तिनं काल आपल्या नाकानं घेतला होता.

मग ती पुढे आली आणि बॉनेटवर हात फिरवला. आरशासारखं नाही, पण गुळगुळीत. टिळ्याचे काही तांदूळ सुकून गळले होते, त्यांच्या खाली स्वच्छ हिरवा रंग दिसत होता.

"बॉनेटवर धूळ नाही बसली?"

"बसली ना. ती काय, सगळीकडे बारीक बारीक आहे," फूलमाया म्हणाली. "धूळ काही एका जागी गोळा होऊन बसत नाही."

हांगमाचा हात तिथल्या तिथे थांबला.

"रंगवायच्या आधी जुना टिळा होता का गाडीवर?"

"गेल्या दशैंचा? पावसाळ्यात धुऊन गेला की. आणि या नवमीचा टिळा लागल्यावर कोण रंगवेल? टिळा आपला आपण गळेपर्यंत पुसत नाहीत, मॅडम. तुम्हाला काय मी सांगायचं."

"खड्का," हांगमा म्हणाली, "हर्कमानच्या बहिणीच्या गावी फोन लाव. एवढंच विचार, दशैंचं मांस कधी आलं नि कुणी आणलं."

*

शेडपुढे दुपारी पाच-सहा चालक जमले होते. हांगमानंच त्यांना बोलावलं होतं. जिल्ह्याची गाडी खाली चौकात येऊन उभी होती आणि जितमान अजून कोठडीत होता.

"दाजू, पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. "आधी रंग की आधी पूजा?"

"आधी रंग. अष्टमीला. सांगितलं ना सकाळी."

"आणि नवमीला गाडी हलली नाही."

"नाही."

"तुमची बहीण देवीच्या वळणापलीकडच्या गावात राहते. ती म्हणते, नवमीला दुपारी दाजू स्वतः गाडी घेऊन आला, मांस दिलं आणि धुकं पडताना निघाला."

हर्कमानच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "बाईमाणूस आहे ती. दिवस विसरली असेल."

"असेलही. म्हणून मी तिच्यावर अवलंबून नाही."

हांगमानं खिशातून छोटा चाकू काढला. बॉनेटवरचा टिळा तिनं बाजूला केला नाही. टिळ्याच्या कडेला, जिथे सकाळी बोटांना खरखरीत लागलं होतं, तिथे चाकूचं टोक लावून निळा रंग हलकेच उचलला. पापुद्रा वर आला. त्याच्या खाली तांदळाचे दाणे होते. लाल, एकमेकांना चिकटलेले.

तिनं एक दाणा नखानं चिरडून पुढच्या चालकाच्या नाकाशी धरला. तो वास घेऊन मागे सरला. "दही आहे," तो म्हणाला. "आंबलंय, पण ताजंच."

"गेल्या वर्षीचं दही पावसाळाभर टिकत नाही," हांगमा म्हणाली. "म्हणजे या गाडीला याच दशैंला दोन टिळे लागलेत. एक रंगाखाली, एक रंगावर. आधी रंग आणि मग पूजा झाली असती, तर खालचा टिळा आला कुठून?"

हर्कमान शेडच्या खांबाला धरून उभा होता.

"मी सांगते काय झालं ते. सगळ्यांना रंगवायला लावलंत, तुम्ही स्वतः मात्र रंगवली नाहीत. अध्यक्षाची गाडी कोण तपासणार? नवमीला सकाळी जुन्या रंगावरच पूजा केलीत. दुपारी बहिणीकडे गेलात. येताना धुक्यात, देवीच्या वळणावर, सुबास समोर आला. ब्रेक लागले नाहीत. खड्कानं आत्ता पाहिले, दोन्ही मागचे ब्रेक तेलाविना कोरडे आहेत. याच गाडीला तुम्ही अध्यक्ष म्हणून या हंगामाला ठीक असल्याचा दाखला दिलात. सुबासला दवाखान्यात नेलं असतं, तर पहिला प्रश्न ब्रेकचा आला असता. अध्यक्षपद गेलं असतं, परवाना गेला असता. म्हणून त्याला ओढत झुडपात नेलंत."

"तो मेला होता," हर्कमान म्हणाला.

"नव्हता. पहाटेपर्यंत जिवंत होता."

हर्कमाननं तोंड फिरवलं.

"बंपरवरच्या रक्ताची तुम्हाला चिंताच नव्हती. पण डावा मडगार्ड चेपला होता. तो पुट्टीनं भरलात. नुसता एक मडगार्ड रंगवला तर डोळ्यांवर येईल, म्हणून अख्खी गाडी रंगवलीत, दार लावून, घाईघाईनं. वर नवा टिळा लावलात. दुसऱ्या दिवशी आम्ही जितमानला पकडलं, तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल."

खड्कानं मडगार्डवर चाकू ओढला. रंग निघाला, पुट्टी अजून पुरती कडक झाली नव्हती. तिचं ढेकूळ निघालं, तसा त्यात करडा धागा लोंबत आला.

हर्कमान खालीच बसला. त्याच्याकडे पाहणंही कुणाला नको होतं.

"एकच सांगा, दाजू," हांगमा म्हणाली. "एवढं सगळं केलंत, मग तो पहिला टिळा पुसला का नाहीत? ओल्या फडक्यानं निघाला असता. मला काहीच सापडलं नसतं."

हर्कमाननं मान वर केली. प्रश्नच कळला नसावा, असा चेहरा होता त्याचा.

"नवमीचा टिळा कसा पुसायचा?" तो म्हणाला. "गाडीला पाप लागतं."

एक चालक थुंकला आणि अंगणाबाहेर निघून गेला.

*

जिल्ह्याच्या गाडीत हर्कमान चढला. हांगमा कोठडीची किल्ली घेऊन वळली, तर वाटेत फूलमाया उभी होती.

"आत नका सोडू त्यांना," ती म्हणाली. "चौकातून नेलंत, सगळ्या गावादेखत. बेड्या तिथेच काढा."

हांगमानं मान डोलावली. तिनं जितमानला चौकात आणलं, सगळे चालक पाहत असताना त्याच्या हातांतल्या बेड्या स्वतः काढल्या आणि म्हणाली, "चूक माझी झाली. या माणसानं काही केलेलं नाही."

जितमान मनगटं चोळत उभा राहिला. तो रागावेल, शिव्या देईल, अशी तिची तयारी होती.

"सुबासची आई कालपासून मला शाप देतेय," तो म्हणाला. "कोठडीत ऐकू येत होतं. आता तिला खरं सांगायला हवं, आणि ते सांगायला मी एकटा जाणार नाही. तुम्ही चला."

हिरव्या गाडीत तो चालवायला बसला, शेजारी फूलमाया. हांगमा मागे चढली. सुबासच्या दारात म्हातारी जोत्यावर बसली होती. तिनं गाडी ओळखली आणि हातात दगड घेतला. जितमान खाली उतरला, सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, आणि हांगमाचं सांगून होईपर्यंत तिथून हलला नाही.