अंधाराच्या जागी लिहिलेली बाई

नोव्हेंबरातल्या एका दुपारी रुचिता पहाडगंजच्या गल्लीत बळवंतकाकांची सही घ्यायला निघाली. काम साधंच होतं. नोएडाच्या एका केंद्रात ती संगीताच्या उपचारावर संशोधन करत होती. माणसाला गादीवर निजवायचं, डोळे मिटायला सांगायचे, संगीत लावायचं आणि हळूच विचारायचं, काय दिसतंय? मग ते रेकॉर्ड केलेलं बोलणं शब्दाला शब्द टाइप करून त्याच माणसाला वाचायला द्यायचं. त्यानं ‘हे माझंच म्हणणं आहे’ म्हणून सही केली, की तो कागद खरा.

आजचा कागद मात्र खरा नव्हता, आणि त्याला कारण मयुरा. दोघी पुण्याहून एकाच वर्षी आलेल्या, एकाच खोलीत बसणाऱ्या. मयुराच्या माणसांना नद्या दिसत, गेलेली आई दिसे, कुणी हमसून हमसून रडे. रुचिताची माणसं म्हणत, “अंधेरा है, मैडम.” बंगळुरूच्या परिषदेत दोघींपैकी एकीलाच निबंध वाचायला मिळणार होता. मयुरानं डबा उघडून प्रेमानं “घे ना यार” म्हटलं, तरी रुचिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगायचं तर ती मयुराचा दुस्वास करत होती. म्हणून तर तिच्या माणसांपैकीच एक असलेल्या बळवंतकाकांच्या ‘काही नाही, अंधार’ या शब्दांच्या जागी तिनं मनचंच लिहिलं होतं: दाराशी एक बाई पाठमोरी उभी आहे. कुणाची तरी वाट बघतेय.

काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. रुचिताच्या हातातला चहा निवून गेला.

“काका, काही चुकलं असेल तर...”

“नाही बेटा, बिल्कुल बरोबर आहे.” त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावता लावता हलकेच म्हणाले, “फक्त... आता ती पाठमोरी नसते.”

तिथंच घाबरायला हवं होतं पोरीनं. पण हेव्यानं पोखरलेल्या माणसाला भीती सुचत नाही. आपलाही कागद आता गाजणार, या आनंदात ती परत आली.

आठवडाभर गाजलाही. मग ती बाई मयुराच्या माणसांना दिसायला लागली. आधी गुरुग्रामच्या एका इंजिनिअरला, मग सरला नावाच्या शिक्षिकेला, मग आणखी एकाला. तिघांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. बाईच्या अंगाला भिजलेल्या लोकरीचा वास येतो, असं तिघांनीही सांगितलं. हळूहळू तो वास उपचाराच्या खोलीत रेंगाळू लागला, खिडक्या उघडल्या तरी जाईना. मयुरा धास्तावली. रुचिता मात्र जळत होती. बाई माझी, आणि कौतुक हिचं!

“मयुरा के पास मटीरियल ज़्यादा है,” प्रमुख अलकनंदा मॅडम म्हणाल्या. “बंगळुरु वही जाएगी.”

बाई आपण रचली हे सांगावं, तर नोकरीच जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिता मयुरासमोर जाऊन उभी राहिली.

“मला निजव. मलाही बघायचीय ती.”

“नको यार. मला हल्ली त्या खोलीत भीती वाटते...”

“भीती वाटते, की वाटेकरी नको?”

मयुराचा चेहरा उतरला. तिनं मुकाट्यानं संगीत लावलं.

रुचितानं डोळे मिटले. सारंगीचा एक लांब सूर आला, त्याच्यामागे लोकरीचा तो वास. ती वाट बघत राहिली. नदी आली नाही, बाई आली नाही.

“काय दिसतंय?” मयुरानं विचारलं.

“काही नाही... अंधार,” ती म्हणाली, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांना दिसते, मलाच नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा संगीत थांबलं होतं. मयुरा पांढरीफटक पडली होती. ती पर्स उचलून निघून गेली.

दोन दिवसांनी रुचिताच्या टेबलावर तिच्याच सत्राचा टाइप केलेला कागद आला. मयुरानं तो मॅडमकडे देऊन रजा टाकली होती. कागदावर मॅडमनी लिहिलं होतं, ‘अद्भुत! बंगळुरु तुम जाओगी.’

रुचितानं पानं मोजली. बावीस. आपण तर तीनच शब्द बोललो होतो. तिनं रेकॉर्डिंग कानाला लावलं.

आवाज तिचाच होता. तो पाण्याखालच्या घराविषयी बोलत होता, घरातल्या माणसांची नावं घेत होता, मध्येच हसत होता. इतकं सुंदर तर मयुराच्या माणसांनाही कधी दिसलं नव्हतं. आयुष्यात कुणाचा केला नसेल इतका हेवा रुचिताला त्या आवाजाचा वाटला.

शेवटी मयुराचा थरथरता प्रश्न आला. “रुचिता... उठायचं ना आता?”

क्षणभर नुसती खरखर. मग निजलेल्या लेकराजवळ बोलावं तितक्या हळू, तिचाच आवाज म्हणाला,

“रुचिता उठणार नाही... तिला राहू दे अंधारात. दाराशी खूप वाट बघितली. आता मी येते.”